कुणीच नसेल तर संघाने

नमस्कार श्रोतेहो. साथीच्या काळात बौद्ध समाज काय करतो, असं विचारलं की पुष्कळांना आधी रतनसुत्त हे रक्षणासाठी म्हटलं जाणारं पाली सुत्त आठवतं. वैशालीत दुष्काळ आणि रोगराई पसरली तेव्हा ते म्हटलं गेलं, असं अट्ठकथा, म्हणजे सुत्तांवरची जुनी टीका, सांगते. २०२० मध्ये श्रीलंकेतल्या विहारांतही त्याचं पठण झालं. पण मला आज सांगायची आहे ती विनयपिटकातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, त्यातल्या महावग्ग या भागातली गोष्ट.

एका भिक्खूचं पोट बिघडलं होतं. उठायचं त्राण नाही, मलमूत्रातच पडलेला. बुद्ध आपले शिष्य आनंद यांना घेऊन भिक्खूंची निवासस्थानं पाहत तिथे आले. विचारलं, "तुझं करायला कुणी आहे का?" "नाही, भगवान." "बाकीचे भिक्खू का करत नाहीत?" तो म्हणाला, "मी त्यांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून."

बुद्धांनी आनंदांना पाणी आणायला धाडलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदांनी अंग धुतलं. डोक्याकडून बुद्धांनी धरलं, पायांकडून आनंदांनी, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवलं. मग बुद्ध भिक्खूसंघाला बोलावून म्हणाले, इथे तुम्हाला ना आई, ना बाप. तुम्हीच एकमेकांचं केलं नाहीत, तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची करावी. उपाध्याय, म्हणजे गुरू, असेल तर त्याने, शिष्य असेल तर त्याने, आणि कुणीच नसेल तर संघाने. पुन्हा सांगतो, कुणीच नसेल तर संघाने! न करणं हा दोष ठरवला.

सेवा करणाऱ्याला पथ्य-कुपथ्य कळावं, थुंकी-वांतीची किळस नसावी, हेही तिथेच सांगितलंय. आणि आजाऱ्याने आपल्याला काय होतंय ते खरं सांगावं. कोरोनात लोक ताप लपवत होते, वाळीत पडू या धास्तीने. ती धास्ती घालवणं वस्तीचं काम आहे, एकट्या आजाऱ्याचं नाही.

६ डिसेंबर २०२० ला चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करा, असं आवाहन झालं. दरवर्षी लाखोंनी येणारा समाज घरी थांबला. माझ्या लेखी तीही रुग्णसेवाच.

आता एक काम करा. आपल्या वस्तीत एकटं कोण राहतं, कुणाची रोजची औषधं चालू आहेत, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा, ही यादी विहारात या आठवड्यातच करून ठेवा. एकटं कोण राहतं, ते सगळ्यात आधी लिहा.