देखण्या भातापासून नाकतोड्यापर्यंत

अध्यक्ष महोदय आणि मंडळातील स्नेहीजनहो,

हाँगकाँगला नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाच्या कानांवर बाजारात पहिल्याच दिवशी जी कँटोनीज हाक पडते, ती ‘लेङ-नोय’ किंवा ‘लेङ-चै’ असते. शब्दशः अर्थ सुंदर मुलगी आणि देखणा मुलगा. परंतु भाजीवाली हीच हाक साठी उलटलेल्या बाईलाही घालते, कारण तिच्यात रूपाची पारख नसून आपल्या ‘ताई’-‘दादा’तली जवळीक असते. एवढेच काय, इथल्या छा-छान-थेङ उपाहारगृहांच्या बोलीत ‘लेङ-चै’ म्हणजे साधा पांढरा भात आणि ‘लेङ-नोय’ म्हणजे पांढरी पेज.

लुकड्या माणसाला ‘सौ-माङ-माङ’ म्हणतात. ‘सौ’ म्हणजे बारीक आणि ‘माङ’ म्हणजे नाकतोडा. आपल्या ‘काळाकुट्ट’, ‘पिवळाधमक’मधली जोडशेपटी नुसता ठसका वाढवते, इथे मात्र शेपटीतून हातापायांच्या काड्या झालेला किडाच डोळ्यांपुढे उभा राहतो. गोऱ्यापान कांतीला ‘पाक-स्यूत-स्यूत’, म्हणजे बर्फासारखी पांढरी, म्हणतात, आणि तेही जिथे बर्फ जवळजवळ पडतच नाही अशा मुलखात! निरोपाचा हात हलवताना दंडाखाली जे थुलथुलते, ते ‘पाय-पाय-युक’, अर्थात ‘बाय-बायचे मांस’.

आमचा मुलगा दोन वर्षांचा असताना शेजारच्या आजींनी लिफ्टमध्ये त्याचा गाल चिमटीत धरून ‘फेइ-चै’ म्हटले, तेव्हा ‘फेइ’ म्हणजे लठ्ठ एवढेच ठाऊक असलेल्या माझ्या पत्नीला ते फार लागले. ‘चै’ या शेपटीत पोराविषयीचा लाड असतो आणि आजींनी आपल्या भाषेत ‘लठ्ठोबा’ म्हटले होते, हे आम्हांला पुष्कळ उशिरा उमगले. मात्र त्याच ‘फेइ’पासून झालेला ‘फेइ-सी-ताइ-चेक’, म्हणजे लठ्ठ आणि अगडबंब, हा प्रयोग कोणाच्या तोंडावर करू नये. त्यातला ‘सी’ म्हणजे प्रेत, आणि तिथे लाडाचा लवलेश नसतो.

आपण वर्णमालेत पाठ केलेला आणि ‘वाङ्मया’पलीकडे क्वचितच भेटणारा ङ या भाषेत शब्दाच्या आरंभीही येतो, जरी अलीकडची तरुण मुले तो गाळून बोलतात. आजी गाळत नाहीत. आमचा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. लिफ्टमध्ये भेटला की त्या मान वर करून त्याच्याकडे पाहतात आणि तो ङ नाकातून चांगला घुमवून म्हणतात, ‘ङौ-कोउ-मा-ताइ’: बैलासारखा उंच, घोड्यासारखा धिप्पाड.