प्रार्थनेतून फुटलेलं गुपित

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या वसईतल्या चर्चमध्ये शिरताना दाराजवळ एक फळा असतो. येत्या रविवारच्या मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला, बायबलचं पहिलं वाचन कोण करणार, दुसरं कोण, गायन कुणाकडे, याची यादी त्यावर टाचणीने लावलेली असते. एका गावात अशाच एका यादीतून एका तरुणाचं नाव गळलं. तीन वर्षं तो दर महिन्याला वाचन करत होता. त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही, रागावलंही नाही. नाव तेवढं नव्हतं. मिस्सा सुटल्यावर अंगणात तीन बायकांनी त्याच्या आईला गाठलं. "काय गं, बरं नाही का त्याला?"

ही हकीकत मी त्या तरुणाच्या परवानगीने सांगतो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजचा विषयच विश्वासाने सांगितलेल्या गुपिताचा आहे, म्हणून हे आधी सांगणं भाग आहे.

झालं होतं असं. रात्री मोबाईलवर अश्लील व्हिडिओ बघायची त्याची सवय हाताबाहेर गेली होती. पहाटे तीनपर्यंत जागायचं, सकाळी डोळे चोळत विरार लोकल पकडायची, दिवसभर स्वतःची किळस आणि रात्री पुन्हा तेच. शेवटी धीर करून त्याने प्रार्थना गटाच्या प्रमुखाला सांगितलं. प्रमुख भला माणूस. त्याने मुलाचे हात हातात घेतले, त्याच्याबरोबर प्रार्थना केली, कुठेही तुच्छता दाखवली नाही. पुढच्या बैठकीत मात्र तो म्हणाला, "आपल्या एका तरुणासाठी विशेष प्रार्थना करूया. वाचन करतो, चांगला मुलगा आहे, मोबाईलवर नको ते बघण्यात अडकलाय." नाव घेतलं नाही. त्या धर्मग्रामात, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत, वाचन करणारे आठ जण. त्यातल्या पाच बायका, दोघे पन्नाशीचे. उरला कोण, हे समजायला त्या खोलीत कुणालाही वेळ लागला नाही.

मी समुपदेशक आहे. आठवडाभर शाळेत असतो आणि शनिवारी संध्याकाळी चर्चच्या आवारातल्या एका खोलीत बसतो. इतक्या वर्षांत दिसलं ते हे की धर्मसमाजात गुपित चहाडीतून क्वचित फुटतं. ते फुटतं काळजीतून. "त्याच्यासाठी प्रार्थना करा", "जरा त्याच्यावर लक्ष ठेवा", "तुम्हाला म्हणून सांगतो, मदत व्हावी म्हणून." चहाडी करणाऱ्याला आपण चूक करतोय हे निदान आतून ठाऊक असतं. काळजी करणाऱ्याला वाटतं आपण पुण्य करतोय, म्हणून त्याला थांबवणं फार अवघड.

गंमत नव्हे, खरंच सांगतो, आमच्या कॅथलिक चर्चला हे आठशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं. १२१५ साली रोममध्ये लॅटरन इथे मोठी धर्मपरिषद भरली. प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून एकदा तरी कन्फेशन, म्हणजे पापनिवेदन, करावं असा नियम तिने घातला. त्याच कलमात धर्मगुरूचंही तोंड बांधलं. शब्दाने, खुणेने, कुठल्याही रीतीने समोरच्याचं गुपित उघड करायचं नाही. जो करील त्याचं पौरोहित्य काढून घ्यायचं आणि त्याला कडक शिस्तीच्या मठात जन्मभर प्रायश्चित्ताला पाठवायचं. आजही कन्फेशनचं गुपित थेट फोडणारा धर्मगुरू त्या क्षणीच चर्चमधून बहिष्कृत होतो.

एवढं बहुतेक कॅथलिकांना ठाऊक असतं. त्यापुढची दोन कलमं फारशी कुणी वाचलेली नसतात आणि मला ती जास्त मोलाची वाटतात. चर्चच्या आजच्या कायद्यातलं ९८४वं कलम सांगतं की कन्फेशनमध्ये कळलेली गोष्ट उघड होण्याचा जराही धोका नसला, तरी त्या माणसाला बाधेल अशा रीतीने ती वापरायची नाही. अधिकारावरच्या माणसाने तर ती कारभारासाठी वापरायचीच नाही. आता तो फळा आठवा. तिथे एक अक्षर कुणी उच्चारलं नव्हतं, फक्त यादी बदलली होती. नेमकं हेच त्या कलमाने ओळखलं आहे: न बोलताही गुपित फोडता येतं. त्याच्या पुढचं, ९८५वं कलम म्हणतं की सेमिनरीच्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाच्या, रेक्टरने (प्रमुखाने) आपल्याच छताखाली राहणाऱ्या विद्यार्थ्यांची कन्फेशन ऐकू नये, विद्यार्थ्याने एखाद्या वेळी आपणहून मागितलं तर गोष्ट वेगळी. कारण उघड आहे. ज्याच्या एका सहीवर तुमचं पुढचं आयुष्य ठरणार, त्याच्यापुढे मन मोकळं करायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

अडचण अशी की हे सगळं कन्फेशन देणारा आणि धर्मगुरू यांच्यामधल्या त्या जाळीपुरतं आहे. तोच धर्मगुरू ऑफिसमध्ये चहा घेताना जे ऐकतो त्याला कन्फेशनची मोहर, म्हणजे गुप्ततेचं ते बंधन, लागत नाही. तिथे राहतं ते सांगणाऱ्याने टाकलेला विश्वास सांभाळण्याचं साधं कर्तव्य. प्रार्थना गटाचा प्रमुख, कॉयर शिकवणारे सर, युवा गटाची ताई, यांना तर कन्फेशनची ही कलमं लागूच नाहीत. आणि तरुण मुलाला हा फरक माहीत नसतो. चर्चच्या आवारात बोललेलं सगळं गुप्तच राहणार, असं धरून तो बोलतो. सत्संगाचे प्रमुख, मठातले महाराज, मशिदीतले इमाम, विहारातले भंते, यांच्याकडेही लोक रात्रीचं दुखणं घेऊन येतातच. तिथेही ऐकणाऱ्याने काय करायचं हे त्याच्या स्वभावावर सोडलेलं असतं.

देशाचा कायदाही इथे अर्ध्या वाटेपर्यंतच येतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २३. रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आणि उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर ती पाळण्याचं बंधन. प्रार्थना गटाचा प्रमुख या व्याख्येत बसत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की ज्या धर्मस्थळाच्या आवारात समुपदेशन चालतं, तिथे स्वतःचा लेखी नियम हवा. ऐकणाऱ्या प्रत्येकाची त्यावर सही हवी आणि येणाऱ्याला तो बोलायच्या आधी वाचून दाखवायला हवा.

आधी का, ते सांगतो. या सवयीबाबत खरं निदान करायचं तर लाजिरवाणे तपशील विचारावे लागतात. किती तास, काय बघता, कधीपासून, कामावर परिणाम होतो का, बायकोशी संबंध कसे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार असं निदान आहे. ते व्यसनांच्या रांगेत ठेवलेलं नाही, आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत ठेवलं आहे. त्याला एक अटही जोडलेली आहे, आणि ती धर्मसमाजात काम करणाऱ्याने उशाशी ठेवावी अशी आहे: माणसाला होणारा त्रास केवळ नैतिक नापसंतीतून येत असेल, तर तेवढ्यावर हे निदान करायचं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जोशुआ ग्रब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच संशोधन केलं आहे. धार्मिक माणसं, प्रत्यक्ष बघण्याचं प्रमाण कितीही असो, स्वतःला 'व्यसनी' समजण्याची शक्यता जास्त असते, असं त्यात दिसून आलं.

माझ्याकडे दोन्ही प्रकारचे येतात. महिन्यातून दोनदा काही बघितलं म्हणून जगण्यालायक उरलो नाही, असं वाटणारा मुलगा येतो. रोज चार तास बघणारा, नोकरी जायच्या बेतात असलेला माणूस येतो. पहिल्याला 'व्यसनी' ठरवलं आणि तो शिक्का गावात फिरला, तर उद्या त्याचं स्थळ मोडतं. दुसरा माणूस "मोबाईलचा जरा प्रॉब्लेम आहे, सर" इतकंच बोलून थांबतो. दोघांपैकी कोण कुठला, हे ओळखायला पूर्ण खरं ऐकावं लागतं. आपलं बोलणं कुठपर्यंत जाईल याची खात्री नसलेला माणूस पूर्ण खरं कधीच सांगत नाही.

आता त्या खोलीबद्दल. सुरुवातीला दाराला काच होती आणि बाहेरच्या बाकावर रोझरीच्या (जपमाळेच्या) प्रार्थनेला आलेल्या बायका बसायच्या. आत कोण गेला, किती वेळ बसला, डोळे पुसत बाहेर आला की कसा, सगळं आपोआप नोंदलं जायचं. किल्ली घेताना वहीत नाव लिहावं लागे. स्वेच्छेने कुणी शंभर-दोनशे रुपये दिले, तर पावतीवर कारण म्हणून 'समुपदेशन' लिहिलं जाई आणि पावतीपुस्तक खजिनदाराच्या घरी जाई. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. आम्ही काचेला कागद लावला, वही बंद केली, पैसे घेणं बंद केलं. त्याच खोलीत, त्याच वेळी, लग्नाचे अर्ज आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून द्यायला लागलो. आता तिथे गेलेला माणूस कशासाठी गेला, हे बाकावरून कळत नाही.

माझ्या हातूनही एकदा चूक झाली आहे. बाजारात एका आईने मला विचारलं, "सर, तो येतो ना तुमच्याकडे?" मला वाटलं, तिला माहीत आहे. मी म्हणालो, "येतो, चांगली प्रगती आहे." तिला माहीत नव्हतं, ती नुसता अंदाज घेत होती. मुलाने घरी ओव्हरटाईम सांगितला होता. तो पुन्हा आला नाही आणि त्याला गाठून माफी मागणं म्हणजे आणखी एकदा त्याचं गुपित रस्त्यावर मांडणं होतं. तेव्हापासून कुणीही, कुणाहीबद्दल विचारलं तरी मी 'हो' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. माझ्याकडे कधीच न आलेल्याबद्दलही हेच उत्तर देतो. एकाबद्दल 'नाही' म्हटलं की दुसऱ्याबद्दल गप्प बसणं हेच उत्तर ठरतं.

गोपनीयतेला मर्यादाही आहे आणि तीही पहिल्याच भेटीत सांगावी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होतोय किंवा झालाय असं कळलं, तर मुलांना अशा अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारे व्हिडिओ बघणं आणि जवळ ठेवणं यावर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कडक निकाल दिला आहे. कुणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, तरी मी गप्प बसणार नाही. हे ऐकून उठून गेलेला माणूस मी आजवर एकच पाहिला. बाकीचे उलट सैलावतात, कारण कुंपण कुठे आहे ते त्यांना दिसतं.

बायकोचा प्रश्न यात सगळ्यात दुर्लक्षित. नवऱ्याच्या फोनमध्ये काही सापडलेली एक ताई माझ्याकडे आली. घरच्यांनी आणि गटातल्या मोठ्यांनी तिला सांगितलं होतं, "घरातली गोष्ट घरात ठेव, त्याची अब्रू जाईल." सात महिने ती कुणाशी बोलली नव्हती. मी तिला म्हणालो, गुप्ततेचं बंधन माझ्यावर आहे, तुमच्यावर नाही. तुमच्यावर जे गुजरलं ते तुमचं आहे. ते आईला सांगायचं की मैत्रिणीला, हे तुम्ही ठरवा. ऐकणाऱ्याने पाळायची गुप्तता जेव्हा दुखावलेल्या माणसाच्या तोंडावर बांधली जाते, तेव्हा तिचं नुसतं दडपण होतं. हा घोळ धर्मसमाजात सर्रास होतो आणि मला त्याचा राग येतो.

गावातल्या कुणाहीपुढे बोलायचं नसेल, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा सरकारी क्रमांक आहे. चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आपल्याकडे अशी दारं पूर्वीही कुणी तरी उघडली आहेत. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात लैंगिक प्रश्नांवरच्या वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत होते. १९३४ साली त्यावरून खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले.

प्रार्थना गटाचे ते प्रमुख नंतर माझ्याकडे आले. मी त्या मुलाबद्दल काहीच बोललो नाही, नियमाप्रमाणे. तेच बोलत होते. "मग प्रार्थना करायचीच नाही का, सर?" मी म्हणालो, करा, एकट्याने करा. ते बराच वेळ बसले. मग म्हणाले, "त्याची माफी मागायला घरी जाऊ?" मी म्हणालो, कुणाचीही माफी मागायची असेल, तर जिथे तुम्हा दोघांना ओळखणारं कुणी नसेल अशी जागा बघा.

पुढचं मला त्या मुलाकडून कळलं. एका संध्याकाळी सात वाजता अंधेरी स्टेशनवर, विरार गाडीच्या गर्दीत, ते त्याची वाट बघत उभे होते. गावातून दीड तासाचा प्रवास करून आले होते. दोघं तीन गाड्या सोडून एका बाकावर बसले होते.

नमस्कार.