दातांची मागची बाजू

समोरून पाहिलं तर या मुलीचे दात ठीकच. जरा आखूड, कडेला काचेसारखे आरपार, एवढंच. डॉक्टर आता छोटा आरसा मागे धरतायत, तिकडे बघा. वरच्या दातांची टाळूकडची बाजू गुळगुळीत, पिवळी. इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, तिथं उरलेलंच नाही. आणि ही दाढ. लहानपणी भरलेली चांदी बेटासारखी वर राहिलीय, भोवतीचा दात खाली गेलाय.

कैरी खाल्ल्यावर आंबलेले दात थोड्या वेळानं ठिकाणावर येतात. इथं उलटीतून जठरातलं आम्ल येत होतं, रोज. त्याचा पीएच 1 ते 2; हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र. इनॅमल साडेपाचाच्या आसपासच विरघळू लागतं. घरी वाटलं, पित्त आहे. त्यावर कोकम सरबत, म्हणजे आणखी आंबट! उलटीनंतर ती लगेच खसाखसा ब्रश करायची, मऊ झालेला थर त्यातही गेला. त्या वेळी पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरायची असते, ब्रश तासाभरानं.

सांगलीतल्या या दवाखान्यात आईला बाहेर बसवून डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘उलटी होते का गं, की काढावी लागते?’ बुलिमिया, म्हणजे भरमसाट खायचं आणि मग मुद्दाम उलटी काढायची, असा मानसिक आजार. 1979 साली जेराल्ड रसेल यांनी लंडनमध्ये या आजाराला हे नाव दिलं. पुष्कळदा तो आधी दिसतो दातांच्या डॉक्टरला, म्हणून विचारायचं त्यांनीच.

कॅप बसवायची तर उरलेला दातही घासावा लागला असता. म्हणून इथं नुसती भर घालायची. माप घेतलं. लॅबनं मेणाचे दात घडवले, त्यांवरून हा सिलिकॉनचा साचा. ही निळी जेल म्हणजे 37 टक्के फॉस्फोरिक आम्ल. दातावर पुन्हा आम्लच, पण मोजून पंधरा सेकंद, भरायच्या मसाल्याला पकड मिळावी म्हणून. धुतलं, चिकटवणारा बाँड लावला. कॉम्पोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या मसाल्याचा थर, तो कडक व्हायला निळा उजेड 20 सेकंद. पुन्हा थर, पुन्हा उजेड. मग निळा कागद. ‘चाव बघू. आता घास.’ जिथं डाग उमटतो तिथं उंच आहे, तेवढंच खरवडायचं. हे तासभर चालतं.

‘दोन दिवस चहा नको, हळद नको.’ हळदीच्या सांगलीत हे कुणाला सांगायचं!

उलट्या थांबल्या नाहीत तर हेही झिजेल. मानसोपचार सुरू आहेत, उलट्यांनी घटणारं रक्तातलं पोटॅशियमही तपासलं जातं.

चेहरा दाखवायचा नाही, ही तिची अट. हा तिचा हात. ग्लासात माठातलं गार पाणी आहे.