दोराचं दुसरं टोक

(दृश्य: दिवाळे कोळीवाडा, बेलापूर. भरतीचं पाणी, होड्या, वाळत घातलेली जाळी.)

निवेदन: नेरूळचे चार मित्र मोबाइलमधला एक फोटो दाखवायला इथल्या तांडेलकाकांकडे आलेत. जानेवारीत ते फुकेतला भाड्यानं कॅटमरान घेणार आहेत, कप्तानाशिवाय. लहान शिडाच्या बोटी चौघांनीही चालवल्यात. ही मात्र 42 फुटी आहे, दोन अरुंद बोटी शेजारी जोडाव्यात तशी. फोटोत मुख्य शिडाच्या वरच्या टोकाला एक कप्पी दिसते. शीड चढवायचा दोर, म्हणजे हॅलियार्ड, त्या कप्पीतून वळून पुन्हा वर जातो. कशासाठी, ते त्यांना उमगत नाहीये.

काका कधी कॅटमरानवर चढलेले नाहीत. फोटो बघून त्यांनी एवढंच विचारलं, की या दोराचं दुसरं टोक कुठं बांधलंय?

ते बांधलंय डोलकाठीच्या माथ्यावर. दोर खालून डोलकाठीच्या पोटातून वर जातो, माथ्यावरच्या चाकावरून खाली येतो, शिडाच्या कप्पीतून वळतो आणि परत माथ्यावर जाऊन अडकतो. शिडाचं वजन दोन पदरांत वाटलं जातं, त्यामुळे खेचणाऱ्याच्या हातावर निम्मा भार येतो.

(दृश्य: सीवूड्समधली गच्ची. पाण्याचा 20 लिटरचा जार, दोन कप्प्या, ताणकाटा.)

निवेदन: गच्चीवर त्यांनी तेच करून पाहिलं. जार सरळ उचलला तर काटा विसाच्या पुढं जातो. कप्पीतून उचलला की दहाच्या थोडा वर थांबतो. तो थोडा वर म्हणजे कप्प्यांचं घर्षण. पण जार एक मीटर वर जायला दोर दोन मीटर खेचावा लागला. शिडाची उभी कड 17 मीटर धरा. म्हणजे 34 मीटर दोर विंचवरून, म्हणजे दोर गुंडाळून खेचणाऱ्या फिरत्या रिळावरून, यायला हवा, आणि शीड उतरवताना तेवढाच दोर गुंता न होता परत जायला हवा.

एवढी यातायात शिडाच्या वजनामुळे. या आकाराच्या कॅटमरानचं मुख्य शीड साठ चौरस मीटरच्या आसपास असतं. त्यात पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत लांब पट्ट्या घातलेल्या असतात, त्यांना बॅटन म्हणतात. शिडाची खालची कड धरणाऱ्या आडव्या दांड्याला बूम म्हणतात. बूमच्या दोन्ही बाजूंना लेझी जॅकच्या दोऱ्या असतात. शीड उतरताना त्या त्याला पिशवीत धरून ठेवतात. चढताना मात्र बॅटनचं टोक त्यांच्यातच अडकतं. ते टाळायला नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, नेमकी वाऱ्याकडे हवी. हॅलियार्डचे दोन पदर एकमेकांभोवती पिळले गेले तरी शीड मध्येच थांबतं.

आणि इथं खरा धोका आहे विजेवर चालणाऱ्या विंचचा. हाताला अडथळा लगेच कळतो, मोटरला कळत नाही. ती ओढत राहते आणि बॅटन मोडतो किंवा कापड फाटतं. माझं ठाम मत आहे की बटणावर बोट ठेवणाऱ्यानं विंचकडे पाहूच नये. नजर सतत वर, शिडाच्या टोकावर हवी.

रीफचं, म्हणजे शीड आखडण्याचं, कोडंही तांडेलकाकांच्या प्रश्नानंच सुटतं. काही बोटींवर एकच दोर पुढचा आणि मागचा असे दोन्ही कोपरे खाली ओढतो, काहींवर दोन वेगळे दोर असतात. बूमच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून धक्क्यावरच एकानं दोर हलवायचा आणि दुसऱ्यानं कुठलं टोक हलतं ते बघायचं. आधी हॅलियार्ड खुणेपर्यंत सोडायचा, मगच रीफचा दोर खेचायचा.

हे वेळेत करावं लागतं. एकाच पोटाची बोट वारा वाढला की कलते आणि आपल्याला सावध करते. कॅटमरान फारशी कलत नाही, ताण सगळा डोलकाठी आणि तिला धरून ठेवणाऱ्या तारांवर जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. 10 नॉट आणि 20 नॉट यांत एवढा फरक आहे. त्यामुळे अंगाला काय वाटतं यावर विसंबायचं नाही. वाऱ्याचा आकडा वाचायचा आणि त्या बोटीच्या पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणे शीड आखडायचं.

आणखी एक. बहुतेक कॅटमरानला डोलकाठी मागून ओढून धरणारी तार नसते. बाजूच्या तारा मागे झुकलेल्या असतात. वारा पाठीमागून असताना बूम फार बाहेर सोडला, तर शीड त्या तारांवर घासून झिजतं.

(दृश्य: लॅपटॉपवर ईमेल. चौघं भोवती बसलेले.)

निवेदन: बोट ताब्यात देताना बराच वेळ गॅस, पंप आणि बॅटऱ्या दाखवण्यात जातो, शीड पिशवीतच राहतं. म्हणून चौघांनी कंपनीला आधीच कळवलंय: मुख्य शीड पूर्ण चढवून दाखवा, पहिला रीफ घ्या, मग उतरवा. धक्क्यावर वारा समोरून नसेल, तर बोट बाहेर पाण्यावर नेऊन दाखवा. त्या वेळी प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांचे फोटो ते काढणार आहेत. कागदावर सही त्यानंतर.