कंकणाकृती गाभ्यातला फ्लक्स: आधी आतली कड तपासा

मित्रहो, हे फेराइटचं, म्हणजे चुंबकीय सिरॅमिकचं, कडं बघा; हाच आपला गाभा. आतला व्यास 4 सेंटिमीटर, बाहेरचा 6, उंची 1. कॅलिपर लावलात तर माप किंचित वेगळं येईल, कारण वरून इपॉक्सीचा थर आहे. फ्लक्स, म्हणजे छेदातून जाणारा एकूण चुंबकीय प्रवाह, नेण्याचं काम फेराइट करतं, तो थर नाही. म्हणून हिशेबाला डेटाशीटमधली बिनथराची मापं घ्या.

आता यावर 100 फेरे सगळीकडे सारखे गुंडाळले आणि 0.1 अँपिअर धारा सोडली. आत फ्लक्स किती?

अँपिअरचा नियम इथे फार सोपा होतो. कड्याच्या आत, केंद्राभोवती कुठलंही वर्तुळ घ्या. त्या वर्तुळावरची चुंबकीय तीव्रता गुणिले त्याचा परीघ बरोबर फेरे गुणिले धारा, म्हणजे आपल्याकडे 10 अँपिअर-टर्न. वर्तुळ आतल्या कडेचं असो की बाहेरच्या, हे 10 तेच राहतात; परीघ मात्र बदलतो. रिंगणात आतल्या कडेने धावणाऱ्याला अंतर कमी पडतं, तसंच हे. वाट आखूड, म्हणून तिथे तीव्रता जास्त.

फेराइटची सापेक्ष पार्यता, म्हणजे तेवढ्याच तीव्रतेला निर्वाताच्या किती पट फ्लक्स घनता (दर क्षेत्रफळामागचा फ्लक्स) मिळते तो आकडा, 2000 धरू. आतल्या कडेला, 2 सेंटिमीटर त्रिज्येवर, फ्लक्स घनता येते 0.2 टेस्ला. बाहेरच्या कडेला 0.133. एकाच गाभ्यात, एकाच धारेला, दीडपट फरक!

एकूण फ्लक्स काढायला कड्याच्या आडव्या कापाच्या उभ्या पातळ पट्ट्या करून बेरीज करायची. घनतेच्या सूत्रात त्रिज्येने भागावं लागत असल्यामुळे बेरजेतून बाह्य आणि आतल्या त्रिज्येच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम निघतो. दीडचा लॉगॅरिदम 0.405, आणि उत्तर 16.2 मायक्रोवेबर. हेच सरासरी त्रिज्या 2.5 सेंटिमीटर धरून काढलं, तर 0.16 टेस्ला गुणिले 1 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 16 मायक्रोवेबर. फरक जेमतेम सव्वा टक्का. कडं जाड असेल, बाहेरची त्रिज्या आतल्याच्या तिप्पट असेल, तर सरासरीचं उत्तर 9 टक्के कमी भरतं.

मग विद्यार्थी विचारतात, सव्वा टक्क्यासाठी एवढा खटाटोप कशाला? एकूण फ्लक्सपुरतं त्यांचं बरोबर आहे. फेराइटची पार्यता एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत 20-25 टक्के इकडेतिकडे होऊ शकते, तापमानाने बदलते ती वेगळीच. तिथे सव्वा टक्क्याला काय किंमत? पण धारा 0.25 अँपिअरवर नेऊन बघा. सरासरी घनता 0.4 टेस्ला दिसते. मँगनीज-झिंक फेराइट खोलीच्या तापमानाला साधारण 0.5 टेस्लाच्या आसपास संपृक्त होतं, म्हणजे त्यापुढे धारा वाढवली तरी घनता फारशी वाढत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो. आतल्या कडेला मात्र हिशेब 0.5 वर पोचलेला असतो. तिथली पार्यता कोसळू लागते, फ्लक्स बाहेरच्या बाजूला सरकतो, आणि एकच पार्यता धरलेलं आपलं सूत्र लागू राहत नाही. गाभा तापला की ही मर्यादा 0.4 च्या जवळ येते. म्हणून मी आग्रहाने सांगतो: फ्लक्स सरासरीने काढलात तरी चालेल, संपृक्तता आतल्या त्रिज्येवरच तपासा.

उत्तर पडताळायचं कसं? 29 ऑगस्ट 1831 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेंनी मऊ लोखंडाच्या कड्यावर दोन वेगळी वेटोळी घेतली. एकातली धारा जोडताना आणि तोडताना दुसऱ्याच्या परिपथाजवळची चुंबकसुई हलली. आपणही तेच करू. कड्यावर आणखी 10 फेरे घाला, पहिल्या वेटोळ्यात 1 किलोहर्ट्झची, 0.1 अँपिअर शिखरमूल्याची साइन धारा सोडा. 4.44 गुणिले वारंवारता गुणिले फेरे गुणिले फ्लक्सचं शिखरमूल्य, या सूत्राने दुसऱ्या वेटोळ्यावर 0.72 व्होल्ट आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) यायला हवेत. बघायला ऑसिलोस्कोप वापरा. साधे मल्टिमीटर बहुधा काहीशे हर्ट्झपर्यंतच भरवशाचे असतात. वाचन 0.6 आलं किंवा 0.85 आलं, तर भूमितीला दोष देऊ नका. मोजलेल्या व्होल्टेजवरून उलटा हिशेब करा, आणि तुमच्या हातातल्या त्या कड्याची खरी पार्यता काढून वहीत लिहून ठेवा.