आधी विचारपूस, मग वीज

[दृश्य : रॅकमधला स्विच, अगदी जवळून. एक हात रिकाम्या पोर्टमध्ये केबल खोचतो.]

छताला लावलेल्या कॅमेऱ्याला विजेची वेगळी वायर नाही. ज्या केबलने चित्र येतं, तीच त्याला वीजही पुरवते. पाठवणारा आहे हा नेटवर्क स्विच, म्हणजे अनेक उपकरणं केबलने एकमेकांना जोडणारा डबा; त्यात केबल खोचायची प्रत्येक जागा म्हणजे एक पोर्ट. या सोयीला म्हणतात पॉवर ओव्हर इथरनेट. रोजच्या बोलण्यात पीओई.

केबल बसली, पण पन्नासेक व्होल्टचा पुरवठा अजून सुरू झालेला नाही. पलीकडे कॅमेरा आहे की या विजेची गरजच नसलेला लॅपटॉप, हे स्विचला माहीत नसतं. म्हणून तो आधी साधारण दहा व्होल्टच्या आतच चाचपणी करतो. पीओई उपकरणात ओळखीसाठी साधारण २५ किलोओहमचा रोध दिसावा लागतो. तो दिसला, तरच पुढची पायरी. मग व्होल्टेज जरा वाढवायचं आणि उपकरण किती मिलिअँपिअर ओढतं ते मोजायचं. त्यावरून त्याचा वर्ग, म्हणजे विजेची गरज, कळते. हे सगळं साधारण सेकंदभरात उरकतं.

[दृश्य : स्विचच्या सेटिंगचा पडदा. पोर्टनिहाय वॅटचे आकडे हलताना दिसतात.]

इतकी चौकशी कशाला? कारण विजेचा साठा सगळ्या पोर्टचा मिळून एकच. पीओईच्या २००३च्या मानकात एका पोर्टमधून जास्तीत जास्त १५.४ वॅट निघत; शंभर मीटर केबलमधली घट धरून उपकरणाच्या वाट्याला १२.९५. २००९ मध्ये ही मर्यादा ३० वॅट झाली, २०१८ मध्ये ९०. चोवीस पोर्टना प्रत्येकी ३० द्यायचे तर ७२० वॅट हवेत. अनेक स्विचमध्ये तरतूद त्याच्या निम्म्याच्या आसपासच असते. त्यामुळे कोणता पोर्ट महत्त्वाचा, हे आधीच ठरवून ठेवावं. वीज अपुरी पडली, की खालच्या प्राधान्याचा पोर्ट आधी बंद होतो.

मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते ती पुढची बोलणी. वीज सुरू झाल्यावरही एलएलडीपी या प्रोटोकॉलमधून, म्हणजे जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना माहिती कळवायच्या ठरलेल्या पद्धतीतून, उपकरण आपली नेमकी गरज कळवू शकतं, तीही वॅटच्या दहाव्या भागापर्यंत. राखून ठेवलेली पण न लागणारी वीज मग दुसऱ्याच्या कामी येते. आणि केबल उपसली, करंट आटला, तर अर्ध्या सेकंदाच्या आत पुरवठा तोडला जातो.

[दृश्य : रात्रीचं रिकामं कार्यालय.]

बचतीची दुसरी बाजू डेटाची. गिगाबिट लिंकवर, म्हणजे सेकंदाला एक अब्ज बिट वाहणाऱ्या जोडणीवर, एकही फाइल जात नसली, तरी दोन्ही टोकांच्या चिप एकमेकींना सतत संकेत पाठवत राहतात, वीज खात राहतात. २०१०च्या एनर्जी एफिशियंट इथरनेट मानकाने त्यांना झोपायची मुभा दिली. मधूनमधून छोटा संकेत जातो, बाकी वेळ शांतता. गिगाबिट तांब्याच्या लिंकला जागं व्हायला सुमारे साडेसोळा मायक्रोसेकंद लागतात.

दोन्ही टोकांना ही भाषा यावी लागते, नाहीतर कुणीच झोपत नाही. नेटवर्कवरून थेट ध्वनी वाहून नेणाऱ्या काही यंत्रणांना मात्र तेवढाही विलंब खपत नाही. तिथे ही सोय बंदच ठेवावी.