निरोप पोचायला बारा तास

श्रोतेहो, नमस्कार.

1962 सालच्या ऑक्टोबर महिन्यात, अमेरिकेजवळच्या क्यूबा बेटावर ठेवलेल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून, अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या तोंडाशी जाऊन परत फिरले, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर आहे. दोन हट्टी नेते समोरासमोर उभे ठाकले आणि त्यातला एक आधी नमला, अशी ती हकिगत सहसा सांगितली जाते. पुढे दोन्हीकडची कागदपत्रं खुली झाली, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या बैठकांच्या ध्वनिफिती ऐकायला मिळाल्या, आणि दिसलं ते निराळंच. युद्ध केनेडींनाही नको होतं आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनाही नको होतं. तरीसुद्धा 27 ऑक्टोबरच्या शनिवारी ते पेटण्याची शक्यता अगदी खरी होती. त्या दिवशी जे घडत होतं त्याची खबर या दोघांना उशिरा लागत होती, आणि त्यांचे हुकूम खालपर्यंत वेळेवर पोचत नव्हते. आज मी बोलणार आहे ते या उशिराबद्दल.

आधी क्यूबात नेमकं काय होतं ते पाहू. उन्हाळ्यापासून सोव्हिएत मालवाहू जहाजं गुपचूप क्यूबाच्या फेऱ्या करत होती. त्यांतून सुमारे 42 हजार सैनिक उतरले. अमेरिकी गुप्तहेरांचा अंदाज होता त्याच्या जवळपास चौपट! त्यांच्याबरोबर आर-12 जातीची मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं आली. पल्ला सुमारे 2000 किलोमीटर, म्हणजे वॉशिंग्टन टप्प्यात. एकेकाच्या टोकाला बसवायचा अणुबॉम्ब साधारण 1 मेगाटनचा, हिरोशिमावर पडला त्याच्या साठपटीहून मोठा. मात्र हे क्षेपणास्त्र बटण दाबलं की सुटलं असं नव्हतं. ते आडवं ठेवलेलं असे. ते उभं करायचं, अणुबॉम्ब दूरच्या कोठारातून गाडीने आणून बसवायचा, नेम ठरवायचा, मग केरोसीनच्या जातीचं इंधन आणि नायट्रिक आम्लाचा ऑक्सिडीकारक भरायचा. हे आम्ल धातू खातं, म्हणून टाक्या भरून दिवसेंदिवस वाट बघत बसता येत नाही. या सगळ्याला काही तास लागत. तंत्रज्ञांना जाचक वाटणारी ही दिरंगाई त्या आठवड्यात माणसांच्या पथ्यावर पडली, असं मला वाटतं.

14 ऑक्टोबरला यू-2 या टेहळणी विमानाने पश्चिम क्यूबाची छायाचित्रं घेतली. दुसऱ्या दिवशी ती तपासणाऱ्यांनी क्षेपणास्त्रं ओळखली, आणि 16 तारखेच्या सकाळी ती केनेडींपुढे आली. पुढचे सहा दिवस त्यांनी ही गोष्ट गुप्त ठेवून सल्लागारांबरोबर खल केला. माझ्या मते या पेचाच्या तेरा दिवसांतले हे सर्वांत मोलाचे दिवस. पहिल्या दिवशी बहुतेकांचा कल हवाई हल्ल्याकडे होता. पण हवाई दलाच्या जनरल स्वीनींना केनेडींनी थेट विचारलं, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की माहीत असलेल्या क्षेपणास्त्रांपैकी फार तर नव्वद टक्के नष्ट होतील. दहातलं एक उरलं तरी एखादं शहर जाऊ शकतं. म्हणून नाकेबंदीचा मार्ग निवडला गेला. आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धाची कृती ठरते, त्यामुळे तिला ‘क्वारंटाइन’ असं सौम्य नाव दिलं, आणि अमेरिका खंडातल्या देशांच्या संघटनेची मान्यताही मिळवली.

22 तारखेला केनेडींनी जाहीर भाषण केलं. 24 तारखेला नाकेबंदी लागू झाली. त्याच दिवशी अमेरिकेच्या बॉम्बफेकी दलाची सज्जता युद्धाच्या फक्त एक पायरी खाली आणली गेली, आणि अण्वस्त्रं घेतलेली बी-52 विमानं आळीपाळीने अहोरात्र आकाशात राहू लागली. सोव्हिएत जहाजं ऐन नाकेबंदीच्या रेषेवर येऊन शेवटच्या क्षणी वळली, ही या प्रकरणातली सर्वांत गाजलेली कथा. ती खरी नाही. क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या जहाजांना ख्रुश्चेव्हनी आधीच परत बोलावलं होतं, आणि मुख्य जहाज रेषेपासून शेकडो मैल लांब होतं. अमेरिकेच्या सरकारला हे कळायला एक दिवसाहून जास्त वेळ लागला. उशिराचा हा पहिला नमुना, आणि सुदैवाने बिनधोक.

आपल्याकडे त्याच आठवड्यात लोकांचे प्राण नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, आणि लडाखकडे लागले होते. चीनचा मोठा हल्ला 20 ऑक्टोबरला झाला होता. क्यूबाच्या पेचात चीनला दुखवणं मॉस्कोला परवडणारं नव्हतं. 25 तारखेला ‘प्रावदा’ या सोव्हिएत पक्षाच्या वृत्तपत्राने चीनच्या बाजूला झुकणारा अग्रलेख छापला, आणि दिल्लीला त्या दिवसांत आपल्या मित्राची साथ मिळाली नाही.

आता शुक्रवार, 26 ऑक्टोबर. ख्रुश्चेव्हनी केनेडींना एक लांबलचक, मनापासूनचं पत्र लिहिलं. क्यूबावर स्वारी न करण्याचं वचन द्या, मग आमच्या शस्त्रांची तिथे गरज उरणार नाही, असा त्याचा आशय. ते मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीत पोचलं तेव्हा वॉशिंग्टनमध्ये सकाळचे पावणेदहा वाजले होते. तिथे त्याचं भाषांतर झालं, सांकेतिक लिपीत रूपांतर झालं, तुकड्यातुकड्यांनी ते तारेने निघालं. शेवटचा तुकडा वॉशिंग्टनला हाती आला रात्री नऊच्या सुमारास. साधारण बारा तास! सोव्हिएत बाजूची स्थिती याहून बिकट होती. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांच्या सांकेतिक तारा न्यायला तार कंपनीचा माणूस सायकलवरून वकिलातीत येई. दोब्रिनिननी पुढे लिहिलं आहे की तो वाटेत कुठे रेंगाळू नये एवढीच प्रार्थना ते करत.

शनिवारी सकाळी केनेडींची बैठक या पत्राला उत्तर काय द्यावं यावर बसली, तोवर मॉस्को रेडिओवरून ख्रुश्चेव्हचं दुसरंच पत्र वाचलं जाऊ लागलं. त्यात आणखी एक अट होती. तुर्कस्तानात अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं आहेत, ती काढा. एकूण 15 होती, सोव्हिएत हद्दीच्या टप्प्यात. दोन पत्रांतलं खरं कुठलं मानायचं, मॉस्कोत सत्ता कुणाच्या हाती आहे, असे प्रश्न त्या खोलीत उठले.

दुपारच्या सुमारास पूर्व क्यूबात बानेसजवळ यू-2 विमान पाडलं गेलं. वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन ठार झाले. वॉशिंग्टनला वाटलं, मॉस्कोने मुद्दाम पाऊल पुढे टाकलं. प्रत्यक्षात मॉस्कोने असा हुकूम दिलाच नव्हता. क्यूबातले मुख्य सेनापती प्लीयेव्ह त्या वेळी सापडत नव्हते, विमान हद्दीबाहेर निसटायच्या बेतात होतं, म्हणून त्यांच्या हाताखालच्या जनरल ग्रेच्को यांनी डागण्याची परवानगी दिली. विमान पाडलं तर तो क्षेपणास्त्र-तळ उडवायचा, असं अमेरिकेचं आधीच ठरलं होतं. केनेडींनी तो प्रतिहल्ला थांबवला. मला हा त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो, कारण त्या तळावर मरणारी माणसं सोव्हिएत असती.

त्याच दिवशी अलास्कातून आणखी एक यू-2 सोव्हिएत अणुचाचण्यांचे हवेतले अंश गोळा करायला उत्तर ध्रुवाकडे गेलं होतं. ध्रुवाजवळ होकायंत्राचा भरवसा नसतो, म्हणून वैमानिक मॉल्ट्सबी ताऱ्यांवरून दिशा ठरवत होते, आणि ध्रुवीय प्रकाशाने तारेच दिसेनासे केले. ते भरकटून थेट सायबेरियाच्या टोकावर, चुकोत्कावर गेले. रेडिओवर बाललायका या तंतुवाद्याचे रशियन सूर ऐकू आले तेव्हा आपण कुठे आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना अडवायला मिग विमानं झेपावली. त्यांना सुखरूप परत आणायला अलास्कातून एफ-102 विमानं निघाली, आणि त्या सज्जतेत या विमानांवर अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं चढवलेली होती! मॉल्ट्सबी इंधन संपलेलं विमान तरंगत कसंबसं अलास्कात घेऊन आले.

आणि समुद्रात बी-59 ही सोव्हिएत पाणबुडी होती. अशा चार पाणबुड्या आल्या होत्या आणि प्रत्येकीवर एक अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता. अमेरिकी नौदलाला हे ठाऊक नव्हतं. पाणबुडीला वर यायला भाग पाडण्यासाठी ते लहान स्फोटकं पाण्यात टाकत होते. या इशाऱ्याचा अर्थ अमेरिकेने मॉस्कोला आधी कळवला होता, पण तो पाणबुड्यांपर्यंत गेलाच नाही. बॅटऱ्या उतरलेल्या, हवा कोंडलेली, थंड समुद्रासाठी बांधलेल्या त्या पाणबुडीत पारा 45 अंशांच्या वर. युद्ध सुरू झालंय की नाही हे सांगणारं कुणी नाही. कप्तान सावित्स्की यांनी टॉर्पेडो सज्ज करायला सांगितलं आणि जहाजावर असलेले वरिष्ठ अधिकारी वासिली अर्खिपोव्ह यांनी त्यांना शांत केलं, असं तिथे हजर असलेल्यांनी पुढे सांगितलं आहे. त्या आठवणी तपशिलात एकमेकींशी जुळत नाहीत. त्या टॉर्पेडोला माणसाच्या विवेकाशिवाय दुसरं कुलूप नव्हतं, एवढं मात्र त्या सगळ्यांतून स्पष्ट होतं.

अमेरिकेने क्यूबावर स्वारी केली असती तर काय झालं असतं? किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्याविरुद्ध वापरायची नव्वदच्या आसपास लहान अण्वस्त्रं बेटावर होती. मॉस्कोच्या हुकमाशिवाय ती वापरू नका, अशी प्लीयेव्हना ताकीद होती. पण तीही कागदावरची. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री मॅकनमारा यांना ही अण्वस्त्रं तिथे होती हे 1992 साली हवानाच्या परिषदेत कळलं.

शनिवारी रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी दोब्रिनिनना भेटले. स्वारी न करण्याचं वचन जाहीरपणे मिळेल, ज्युपिटर क्षेपणास्त्रं चार-पाच महिन्यांत निघतील, पण हे दुसरं कुठेही बोलायचं नाही, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. रविवारी ख्रुश्चेव्हनी मान्यता दिली. आणि त्यांनी निवडलेलं साधन बघा. बारा तासांची वाट परवडणार नाही म्हणून उत्तर थेट मॉस्को रेडिओवरून वाचलं गेलं, वॉशिंग्टनच्या सकाळी नऊ वाजता. केनेडींनीही अधिकृत प्रत हाती येण्याची वाट न पाहता, प्रसारण ऐकूनच उत्तर दिलं, आणि तसं त्या उत्तरात नमूदही केलं. ज्यांच्या भूमीवर हे सगळं घडत होतं त्या क्यूबाच्या कास्त्रोंना मात्र कुणी विचारलं नव्हतं. त्यांचा संताप रास्त होता.

त्यांनी बेटावर तपासणीला साफ नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचे प्रमुख ऊ थांट स्वतः हवानाला गेले तरी ते बधले नाहीत. मग तोडगा निघाला तो असा. सोव्हिएत जहाजांनी क्षेपणास्त्रं डेकवर उघडी ठेवायची, आणि अमेरिकी विमानांनी वरून फोटो घेत मोजायची. मोजली 42. पुढे क्यूबातली आयएल-28 बॉम्बफेकी विमानं परत नेण्याचं ख्रुश्चेव्हनी कबूल केलं, तेव्हा 20 नोव्हेंबरला नाकेबंदी उठली. तुर्कस्तानातली ज्युपिटर क्षेपणास्त्रं 1963 च्या एप्रिलमध्ये निघाली.

जून 1963 मध्ये दोन्ही देशांनी थेट संपर्काचा करार केला आणि 30 ऑगस्टला ती ‘हॉटलाइन’ सुरू झाली. अनेकांच्या डोळ्यांपुढे लाल टेलिफोन येतो, पण तिथे फोन नव्हताच. होते टेलिप्रिंटर. वॉशिंग्टनहून लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी आणि मॉस्को अशी तार, शिवाय टँजियरमार्गे रेडिओची पर्यायी सोय. प्रत्येकाने आपल्याच भाषेत लिहायचं, भाषांतर समोरच्याने करायचं. आवाज मुद्दामच टाळला होता. बोलण्यात शब्द निसटतो, दुभाषा घाईत चुकतो. कागदावर उतरलेला मजकूर पुन्हा वाचता येतो, सल्लागारांपुढे ठेवता येतो. 1967 च्या अरब-इस्रायल युद्धात ही तार खऱ्या अर्थाने कामाला आली, आणि डिसेंबर 1971 मध्ये बांगलादेशचं युद्ध चालू असताना निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांच्यात भारत-पाकिस्तानबद्दलचे निरोप याच तारेवरून गेले.